वासरू मावेल अशी गाडी

४ मार्च, मंगळवार

गाडी बघायची. मोठी. कुत्रं आडवं होईल एवढी!

हे कुणाला सांगू? म्हणून इथं लिहिते. बोललं की पसरतं, आणि पसरलं की त्याच्या कानावर जातं. त्याच्या म्हणजे जावयाच्या. त्याचं नाव मी तोंडानं घेत नाही, लिहिणार तर मुळीच नाही.

दुपारी पोरीचा फोन आला. मागच्या दारी कपडे वाळत घालताना करते, तेव्हा तो कारखान्यात असतो. तिच्या आवाजाच्या आधी कुत्र्याचं धापा टाकणं ऐकू येतं. हॅ हॅ हॅ हॅ! जसं काही तेच फोनवर बोलतंय. मी म्हटलं, काय झालं? आवाज असा का येतोय? म्हणे, "हात दारात सापडला." मागं एकदा कपाटात सापडला होता. हिच्याच घरची दारं न् कपाटं कशी काय अंगावर येतात?

म्हटलं, आत्ताच्या आत्ता निघ. बसनं ये.

"वासराला बसमध्ये घेत नाहीत."

"मग ठेव त्याला तिथंच!"

तेव्हा हळूच म्हणाली, "आई, तो म्हणालाय — तुला जायचं तर जा. मग ह्याचं मी काय करतो ते बघ."

हसत म्हणाला म्हणे. ओरडून म्हणाला असता तर एवढी भीती वाटली नसती मला.

५ मार्च, बुधवार

वासरू हे कुत्र्याचं नाव. पिल्लू होतं तेव्हाच पाय टेबलाच्या पायाएवढे होते. आता उभं राहिलं तर पोरीच्या कमरेच्या वर येतं. मागचे पाय मात्र कामातून गेलेत, उडी मारता येत नाही, पायरी चढायची तर आधी विचार करतं. उचलायचं तर चार माणसं पाहिजेत.

आणि मी! मी कुत्र्यांना घाबरते. पाव खाणारं एवढुसं कुत्रं दिसलं तरी रस्ता बदलते. पोरीकडं गेले की फाटकाबाहेरूनच ओरडायची, आधी बांध त्याला! आता त्याच्यासाठी मी गावभर गाडी शोधत फिरायची. कपाळ माझं.

६ मार्च, गुरुवार

टॅक्सीवाल्यांच्या थांब्यावर गेले. पहिला म्हणाला, कुत्रं? सीट फाडेल. दुसरा म्हणाला, केस पडतात. तिसरा बरा वाटला, मोठी गाडी होती, म्हणाला, "चावतं का हो?" म्हटलं, मला काय माहीत, मी कधी जवळ गेले नाही! झालं. काच वर.

माझं तोंडच असं. खरं आलं की थांबत नाही.

९ मार्च, रविवार

पोरीकडं जाऊन आले. तो घरीच होता. खुर्ची पुढं केली, पाणी दिलं, "आई, पाय कसे आहेत आता? लाँड्रीत उभं राहून राहून दुखत असतील." असा गोड बोलतो की पाणी घशाखाली उतरत नाही. पोरगी त्याच्यामागं उभी. लांब बाह्यांचं घातलेलं, ह्या उकाड्यात. मी बाह्यांकडं बघितलं तर तिनं मान हलवली. नको म्हणून.

कुत्रं साखळीला होतं, पोरीच्या पायाजवळ. तो उठला की त्याचेही कान उठतात. तो बसला की कान खाली. हे मी आज पाहिलं. मला वाटायचं मीच एकटी घाबरते त्याला.

निघताना पोरीनं माझ्या पिशवीत जुनी ओढणी कोंबली. बाहेर आल्यावर बघितली. गाठी मारलेल्या. आधीच्या फोनवर मीच म्हटलं होतं, माप दे. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत एक गाठ. जमिनीपासून कानापर्यंत दुसरी. ओढणी जवळजवळ संपत आली होती! मला वाटलं हिनं गंमत केली. पण ती आता गंमत करत नाही.

११ मार्च, मंगळवार

डोकं चालवलं आज. मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करते, चादरींची गाठोडी बांधण्यात माझा हात कुणी धरणार नाही. फाटक्या, बाद झालेल्या चादरी घेतल्या, ओढणी बाजूला ठेवली, आणि बरोब्बर वासराएवढं गाठोडं बांधलं. लांबी तेवढीच, उंची तेवढीच. डोक्याच्या जागी एक उशी. मुकादमीण बघत होती. "हे काय गं, माणूस गुंडाळलायस काय?" म्हटलं, कुत्रं. ती म्हणाली, तुझं डोकं ठिकाणावर नाही. असू दे.

गाठोडं हातगाडीवर टाकून भाड्याच्या गाड्यांच्या दुकानात नेलं. दुकानदारानं एक छोटी लाल गाडी दाखवली. मागची सीट पाडली आणि मी गाठोडं आत ढकललं. गुडघा लावून ढकललं. दार लागलं! दुकानदार म्हणाला, "बाई, धुणं न्यायला एवढी गाडी कशाला?" मी काही बोलले नाही. एवढा आनंद झाला की बोलायलाच सुचेना. शनिवारी येते म्हणून सांगितलं.

१२ मार्च, बुधवार

आनंद एका दिवसाचा.

आमच्या हॉस्पिटलात मयताची गाडी चालवणारे एक भाऊ आहेत. सगळे त्यांना पोचवणारे म्हणतात, त्यांना राग येत नाही. रोज दुपारी लाँड्रीत येऊन धुतलेल्या चादरी नेतात. आज गाठोडं तिथंच पडलं होतं. म्हणाले, हे काय? मला राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. पोरीचं, हाताचं, वासराचं. पहिल्यांदाच कुणाला सांगितलं.

ते गाठोड्याभोवती एक फेरी मारून आले. मग म्हणाले, "ताई, लाल गाडीत कसं बसलं म्हणालात?"

"गुडघा लावून ढकललं."

"मग आता वासराला गुडघा लावून बघा."

मी बघतच राहिले! गाठोडं दाबलं की दबतं. कुत्रं दबतं होय? आयुष्यभर कपडेच कोंबत आले ना मी, मला जग सगळं दाबून बसवता येतं असंच वाटतं. हसू आलं. मग रडू आलं. मग परत कामाला लागले.

१४ मार्च, शुक्रवार

भाजीवाल्याचा उघडा टेम्पो. भाजीवाला तयार झाला, म्हणाला रिकामाच परत येतो तेव्हा घेऊन येऊ. मी पोरीला फोनवर सांगितलं. तर म्हणते —

"उघडा? वासराला वारा लागला की ते घाबरतं. उडी मारेल."

"त्याला उडी मारता येत नाही म्हणालीस ना?"

"खाली पडेल मग."

म्हटलं बरं. शाळेच्या मुलांची व्हॅन आहे एकाची, ती विचारू? म्हणते, "सीटा घट्ट असतात, मधे जागा नसते." दूधवाल्याची बंद गाडी? "कोंडल्यासारखं होईल त्याला." अगं मग विमान आणू?

ओरडले मी. "तुला यायचंय का नाही ते सांग! कुत्र्याचं निमित्त करू नकोस!"

फोनवर फक्त हॅ हॅ हॅ हॅ. मग फोन बंद.

माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं. ती मला एवढंच म्हणत होती, आई, भीती वाटते. कुत्र्याच्या तोंडून म्हणत होती. आणि मी काय केलं? मीही तिच्यावर ओरडले. तिच्यावर ओरडायला घरात एक आहे की.

१५ मार्च, शनिवार

फोन नाही.

१६ मार्च, रविवार

फोन नाही. मी केला तर वाजत राहतो. जीव टांगणीला लागलाय. चादरींच्या घड्या उलट्या घातल्या, मुकादमीण बोलली. बोलू दे.

१७ मार्च, सोमवार

उचलला! त्यानं.

"बोला आई. ती आंघोळीला गेलीय." आणि मग, अगदी सहज, "गाड्या बघताय म्हणे?"

टॅक्सीच्या थांब्यावर मी काय काय बडबडले होते? मोठं कुत्रं, कारखान्याच्या मागची नवी घरं, शेवटची ओळ. सगळं सांगून बसले होते! तिकडच्या कुणीतरी त्याच्या कानावर घातलं असेल. म्हटलं, "लाँड्रीसाठी. चादरी न्यायला."

"मला सांगायचं ना. मी बघून दिली असती." हसला. "तुम्ही उगाच दगदग करता."

मागं साखळीचा आवाज आला. नळाचा नाही. ती आंघोळीला गेलेली नव्हती.

१८ मार्च, मंगळवार

पोचवणारे भाऊ आले. मी त्यांना कालचं सांगितलं. ते चादरी मोजायचं सोडून बसले. मग म्हणाले, "माझी गाडी आहे की."

"थू थू! काहीतरीच काय बोलता!"

"ऐका तर. पूर्ण आडवं होता येतं. मागं फळी आहे, चाकांची, बाहेर ओढली की पार खाली टेकते. वासराला चढायला नको, बसलं की आत सरकवायचं. खिडक्या आहेत, वारा येतो. कोंडल्यासारखं वाटत नाही. आणि अजून एक. रस्त्यात कुणी अडवत नाही. आत डोकावून तर कुणीच बघत नाही."

मी नको म्हटलं. अशा गाडीतून पोरीला आणायचं? आईच्या तोंडून हो निघेल का?

तेव्हा ते जे बोलले ते मी लिहून ठेवते. आवाज चढवला नाही, खाली बघूनच म्हणाले, "ताई, अशा पोरी माझ्या गाडीत येतातच. ही जरा आधी येऊ दे."

हातातली चादर खाली ठेवली.

मग त्यांच्याबरोबर जाऊन गाडी बघितली. फळीवर ओढणी टाकली, माप बसलं, वर जागा उरली. पण गाठोड्यानं एकदा फसवलं होतं. म्हणून मीच आडवी पडले, हात-पाय पसरून, मी न दबणारी आहे! छताकडं बघत पडले. बाहेरून मुकादमीण चालली होती. तिनं मला बघितलं. अशी किंचाळली की दोन नर्सा धावत आल्या. भाऊंनी तिला म्हटलं, "घाबरू नका, ह्या मावतात का ते बघतोय."

दोन-चार दिवसांत पहिल्यांदा हसले.

२० मार्च, गुरुवार

पोरीचा फोन. कुजबुजत. मी आधी माफी मागितली. मग गाडीचं सांगितलं. वाटलं आता म्हणेल अशुभ, म्हणेल वास येतो, म्हणेल वासराला आवडणार नाही.

धापांच्या मधूनच तिचा आवाज आला.

"चालेल," म्हणाली.

एवढंच. पहिल्यांदा हो म्हणाली आणि कशाला म्हणाली! उद्या त्याची सकाळची पाळी आहे. तो गेला की लगेच.

ओढणी पिशवीत घालून ठेवली.

२१ मार्च, शुक्रवार

कुत्रं आणलं. पोरगी नाही.

२२ मार्च, शनिवार

काल लिहवेना. आज लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

गाडी त्यांच्या ओळीत शिरली तेव्हा सगळं सामसूम होतं. मी पुढं भाऊंशेजारी बसलेले. पोरगी फाटकात उभी, पिशवी खांद्याला, साखळी हातात. मी म्हटलं जमलं! गाडी दारात लागली. भाऊंनी मागचं दार उघडलं, फळी बाहेर ओढली.

आणि आमच्या लक्षात आलं आम्ही किती मूर्ख आहोत ते.

मयताची गाडी दारात उभी राहिली की लोक घरात बसतात होय? समोरच्या घरातली बाई हात पुसत बाहेर आली. शेजारची आली. तिच्यामागं तिची सासू. "कोण गेलं?" "अगं बाई, कोण गेलं?" मला बघितलं आणि एकीनं मला मिठीच मारली, "असं कसं हो झालं!" मी म्हणतेय कुणी नाही गेलं, कुणी नाही! तर ती आणखी जोरात रडते, बिचारीला धक्का बसलाय म्हणून! रस्त्यात कुणी अडवत नाही हे भाऊंना ठाऊक. दारात काय होतं तेही त्यांनाच ठाऊक असायला हवं होतं, रोजचं काम आहे त्यांचं. पण रोज तिथं कुणीतरी गेलेलं असतं ना. गर्दी असणारच. ती त्यांना कधी दिसलीच नाही.

ह्या सगळ्यात वासरू आपलं शहाण्यासारखं फळीवर जाऊन बसलं. पोरीनं पाठीवर हात ठेवला तसं आडवं झालं. हनुवटी पुढच्या पायांवर. भाऊंनी फळी आत सरकवली. मावलं हो! शेपटीलासुद्धा जागा होती.

तेवढ्यात पोरीचा फोन वाजला. समोरच्या बाईनं त्याला कळवलं होतं. चांगल्या मनानं. "तुमच्या दारात गाडी आलीय, लवकर या."

पोरीनं फोन कानाला लावला. मला त्याचा आवाज ऐकू आला नाही, तिचा चेहरा दिसला फक्त. ती म्हणाली, "कुणी नाही." मग म्हणाली, "बरं." फोन ठेवला. खांद्याची पिशवी काढली.

"आई, तू जा."

"बस आधी! बस गाडीत!"

"तो निघालाय. रस्ता एकच आहे. मी घरी दिसले नाही तर तो गाडीमागं येईल. मी दारात असले की थांबेल."

"मेली, बस म्हणते ना!" मी तिचा हात ओढला. तोच हात. ती कळवळली आणि माझा हात आपोआप सुटला. सुटायला नको होता. तेवढ्यात तिनं मला आत ढकललं, कुत्र्याच्या शेजारी, आणि दार लावलं. भाऊंना म्हणाली, "काका, चला." भाऊंनी माझ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि गाडी काढली. मी त्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही.

खिडकीतून बघितलं. ती पिशवी घेऊन घरात चालली होती. मागं वळली नाही.

वळणाच्या पुढं तो दिसला. मोटारसायकलवर, समोरून, जोरात. भाऊ म्हणाले, "ताई, खाली!" मी फळीवर आडवी झाले आणि घट्ट धरायला जे हाताला लागलं ते धरलं. वासराची मान. तोंड त्याच्या केसात खुपसलं. ते कापत होतं का मी, कळत नव्हतं. तसंच पडून कोपऱ्यातून बघितलं.

त्यानं मोटारसायकल बाजूला घेतली. मयताच्या गाडीला वाट दिली. हेल्मेट काढून उभा राहिला, मान खाली घालून. सभ्य माणूस!

२३ मार्च, रविवार

एक खोली. त्यात मी आणि हे. मी कॉटवर पाय वर घेऊन बसते, ते दाराकडं तोंड करून पडतं. काही खात नाही. भात पुढं केला, वाटी काठीनं सरकवली, बघितलं नाही. धापा टाकतं तेव्हा मला वाटतं फोन आलाय.

२४ मार्च, सोमवार

तो आला होता.

दार वाजलं. वासरू उठलं नाही, भिंतीला चिकटलं. एवढं मोठं धूड, आणि कसं लहान झालं! तेव्हाच समजले मी, दारात कोण आहे ते. साखळी लावून दार किलकिलं केलं.

"घाबरू नका आई. न्यायला नाही आलो." आत डोकावला. "बरं आहे की इथं. राहू द्या तुमच्याकडंच. म्हातारं झालंय, पाय गेलेत, मलाही जडच झालं होतं."

म्हटलं, माझी पोरगी कशी आहे?

"घरी आहे." मग फाटक्या पायपुसण्याकडं बघत म्हणाला, "कुत्र्याचं काय हो. ती आहे ना."

गेला. मी दाराला टेबल लावलं. टेबलाला खुर्ची. मग त्या खुर्चीवर मी.

२५ मार्च, मंगळवार

पोलीस चौकीत गेले. साहेब ऐकून घेतात, वाईट नाहीत. म्हणाले, "त्यांनी स्वतः येऊन सांगायला पाहिजे. किंवा निदान न्यायला या म्हणून तुम्हाला तरी बोलावलंय का?" म्हटलं, कुत्र्याला न्यायला बोलावलं होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

तिथून तशीच पोरीकडं. फाटकाला आता कुलूप. ती खिडकीत आली. ओठ फुटलेला. म्हटलं, चल, कुलूप फोडते. भाऊंना बोलावते. मुकादमिणीला बोलावते. तर म्हणते —

"वासरू जेवतंय का?"

मी खोटं बोलले. जेवतंय म्हटलं. पोटभर.

तिचा चेहरा असा हलका झाला! लहानपणी ताप उतरल्यावर व्हायचा तसा. म्हणाली, "मग झालं, आई. मला दुसरी काळजीच नव्हती."

काळजी नव्हती म्हणते. स्वतःची म्हणून काही धरतच नाही ही. मला वाटत होतं कुत्र्याला सोडवलं की ती सुटेल. तिला वाटत होतं कुत्रं सुटलं की संपलं. आम्ही दोघींनी एकच गाडी शोधली आणि कुणाला न्यायची तेच बोललो नाही.

समोरच्या बाईचा पडदा हलला. माझ्याकडं बघून तिनं मान खाली घातली. कळलंय तिला आता, त्या दिवशी कुणाला फोन केला ते.

२७ मार्च, गुरुवार

वासरानं खाल्लं. माझ्या हातून. वाटीतलं नको म्हणतं, हातातलं घेतं. डोळे मिटून हात पुढं केला मी. जीभ गरम न् खरखरीत. दात लागलेसुद्धा नाहीत.

हे तिला सांगायला फोन केला. बंद.

दुपारी लाँड्रीत मुकादमिणीनं जवळ बोलावलं. म्हटलं बोलणार आता, कामाचं वाटोळं केलंय मी. तर म्हणाली, "मला भाऊंनी सांगितलं. फोन आला की कुणाला विचारत बसू नकोस. हातातलं टाकायचं आणि निघायचं. तुझं काम मी बघेन." मी म्हटलं फोन बंद आहे तिचा. तिनं माझ्या हातातलं गाठोडं काढून घेतलं.

भीती वाटून वाटून आता पोटात भीतीलाही जागा नाही.

२८ मार्च, शुक्रवार

समोरच्या बाईच्या फोनवरून आला. मागं धापा नाहीत, काही नाही, नुसता तिचा आवाज.

"आई, मला ने. कसलीही गाडी चालेल."